फोटोओळ कशी लिहावी? नव्या वार्ताहरांसाठी, आणि फोटो टाकणाऱ्या सगळ्यांसाठी

'वृक्षारोपण करताना मान्यवर.'

तालुक्यातून येणाऱ्या फोटोंखाली ही ओळ इतक्यांदा येते की डेस्कवरचा, म्हणजे कार्यालयात बातम्या तपासून पानात लावणारा माणूस ती न वाचताच खोडतो. रोप लावताहेत हे फोटोत दिसतंच आहे. मान्यवर आहेत हे कपड्यांच्या इस्त्रीवरून कळतं. कळत नाही ते वेगळंच: ही माणसं कोण, जागा कुठली, फोटो कधीचा आणि तो आज का छापायचा? ओळीत नेमकं तेवढंच नाही.

फोटोओळीचं काम हेच. फोटो जे आपणहून सांगू शकत नाही ते तिने सांगायचं. पेपर हातात घेतला की माणूस आधी मथळा आणि फोटो बघतो, मग फोटोखालची ओळ वाचतो आणि मगच बातमी वाचायची की पान उलटायचं ते ठरवतो. पुष्कळदा बातमी वाचलीच जात नाही. ज्याने ओळ लिहिली त्यानेच त्या वाचकापुरती बातमी लिहिलेली असते. तरीही ती लिहिली जाते सगळ्यात शेवटी, घाईत, अंक सुटायला पाच मिनिटं असताना.

नुकतंच वार्ताहर म्हणून काम सुरू केलेल्यांसाठी हे लिहितो आहे. संस्थेचं फेसबुक पान सांभाळणारे, शाळेचं वार्षिक काढणारे शिक्षक, गणेश मंडळाचा अहवाल छापणारे कार्यकर्ते यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी नावं, तीही जागेवरच

ओळ घरी बसून लिहिता येते, पण तिचा माल कार्यक्रमाच्या जागीच मिळतो. माणसं एकदा चहाकडे वळली की 'तो निळ्या शर्टातला कोण होता' हे विचारत रात्री दहा वाजता फोन करावे लागतात.

गटाचा फोटो काढला की कुणालाही हलू न देता डावीकडून नावं घ्यायला सुरुवात करा. डावीकडून म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून. समोर उभं राहून तुम्ही फोटो काढलाय, तेव्हा तुमचंच डावं. दोन रांगा असतील तर 'बसलेले' आणि 'उभे' असे वेगळे गट करा. नावं स्वतः लिहून घेण्यापेक्षा वही पुढे करून ज्याचं नाव त्यालाच लिहायला लावा आणि त्या पानाचा लगेच फोटो काढून ठेवा. गॅलरीत गटाचा फोटो आणि त्याच्या नावांचं पान शेजारी-शेजारी राहतं. वही हरवली तरी बिघडत नाही.

सुनीता की सुनिता, शिर्के की शिरके, हे डेस्कने ठरवायचं नाही. शुद्धलेखनाचा नियम काहीही सांगो, बाई जशी सही करतात तसंच छापायचं. लोक कात्रण जपून ठेवतात. त्यात आपलं नाव चुकलेलं बघणं माणसाला बातमी न येण्यापेक्षा जास्त लागतं.

बायकांच्या नावाबद्दल जरा थांबून सांगतो. 'श्री. व सौ. पाटील' ही ओळ लग्नाच्या वाढदिवसाला चालून जाते, बातमीत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणजे निम्म्या गावांत सरपंच बाई असतात. फोटोत मात्र मधोमध हार घालून उभे असतात ते सरपंचांचे पती आणि निवडून आलेल्या बाई कडेला, पदर सावरत. गावातून आलेल्या यादीतही पहिलं नाव पतींचंच असतं. तेव्हा ओळीत 'सरपंच' कुणाला म्हणायचं हे फोटोत मध्ये कोण आहे यावरून ठरवू नका. ते निवडणुकीत ठरलेलं आहे.

किती नावं द्यायची? जिल्हा आवृत्तीचं जुनं गणित आहे: जितकी नावं, तितके अंक खपणार. म्हणूनच 'समवेत' या शब्दानंतर आठ-दहा नावांची माळ येते आणि शेवटी 'व इतर मान्यवर'. माझं मत विचाराल तर फोटोत चेहरा ओळखू येतो त्याचं नाव द्या, डोक्याचा मागचा भाग दिसतो त्याचं देऊ नका. पंधरा माणसं असतील तर ओळीत जे काही करताहेत त्यांची दोन-तीन नावं पुरेत, बाकीची बातमीत घाला. आणि अर्धी नावं देऊन अर्धी 'इतर' करणं सगळ्यात वाईट. त्या इतरांच्या घरी दुसऱ्या दिवशी काय बोलणं होतं, ते नव्या वार्ताहराला लवकरच कळतं.

कार्यक्रमाबाहेरच्या माणसाचं नाव विचारायला आपण फारच आळशी असतो. मंत्र्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच फोटोत पाण्याची कळशी घेऊन उभी असलेली म्हातारी 'एक महिला' होते. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. मंदीच्या काळाचा तो जणू चेहराच झाला. ओळीत होतं ते असं: वाटाणा तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय ३२. नाव नव्हतं, लँगबाईंनी ते विचारलंच नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी. तोवर त्या बाई आपला चेहरा वर्तमानपत्रापासून पुस्तकापर्यंत कुठेही भेटेल अशा जगात निनावी राहत होत्या, आणि त्याची नाराजी त्यांनी बोलूनही दाखवली. वय विचारलं तेव्हाच नाव विचारायला एक वाक्य पुरलं असतं.

नाव कधी द्यायचंच नाही

हा भाग पाठ करा, कारण इथे चूक म्हणजे गुन्हा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ मनाई करतं. पीडित बालक असेल तर पॉक्सो कायद्याचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याचं, कलम २३ लागू होतं. त्यात नुसतं नाव आणि फोटो नाही. पत्ता, घरच्यांचा तपशील, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही येतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांनाही बालन्याय कायद्याचं संरक्षण आहे.

प्रत्यक्षात घोळ होतो तो असा: फोटोत चेहरा नीट धूसर केलेला असतो आणि ओळीत लिहिलेलं असतं, 'अमुक गावातील शाळेसमोर जमलेले मुलीचे नातेवाईक'. चेहरा झाकला आणि ओळीने सगळं सांगून टाकलं. अशा बातमीत फोटो आणि ओळ एकत्र वाचायची, त्या गावातल्या माणसाच्या डोळ्यांनी.

ओळ कशी रचायची

आता पुन्हा त्या झाडाकडे येऊ. समजा, ५ जूनचा, जागतिक पर्यावरण दिनाचा फोटो आहे. लिहायला बसण्याआधी फोटोकडे नुसतं बघा. मोठा करून, कडेकोपऱ्यापर्यंत. जे कुणालाही आपोआप दिसेल ते मनातल्या मनात खोडून टाका. 'हसताना', 'पोज देताना', 'आनंदाच्या वातावरणात' हे सगळं त्यातच गेलं.

मग पहिलं वाक्य: कोण, काय करताहेत, कुठे, कधी. मराठीत 'करताना'ची रचना या कामाला छान बसते, कारण तिच्यात क्रियापद टांगतं ठेवूनही वाक्य पूर्ण वाटतं. दुसरं वाक्य: चौकटीबाहेरचं, म्हणजे कारण, आधी काय झालं, आकडा. वृत्तसंस्थांची पद्धतही साधारण अशीच असते: पहिल्या वाक्यात फोटोतला क्षण, दुसऱ्यात त्याची पार्श्वभूमी.

पहिला खर्डा असा होईल: 'जागतिक पर्यावरण दिनानिमित्त जिल्हा परिषद शाळेत वृक्षारोपण करताना विद्यार्थिनी.' चूक काही नाही, पण ही ओळ राज्यातल्या कुठल्याही शाळेला चालेल. जी ओळ कुठेही चालते ती इथे लागू पडत नाही.

गावाचं नाव, वार, रोप कसलं, इयत्ता घातली: 'जिल्हा परिषद शाळेच्या आवारात गुरुवारी (ता. ५) कडुलिंबाचे रोप लावताना चौथीच्या विद्यार्थिनी.' सुरुवातीला गावाचं नाव आणि अपूर्णविराम (:) येईलच. आता बरं झालं.

मग फोटो पुन्हा बघितला. मागे काट्याचं कुंपण घातलेली तीन छोटी रोपं दिसताहेत. मुख्याध्यापकांना फोन केला तर कळलं की ती गेल्या वर्षीची, उन्हाळ्यातून तगलेली. दुसरं वाक्य मिळालं: 'मागे दिसतात ती गेल्या वर्षी लावलेल्या पंचवीस रोपांपैकी उन्हाळ्यात तगलेली तीन.' (आकडे इथे उदाहरणापुरते, तुम्ही मात्र विचारूनच घाला.) वाचक आता परत फोटोकडे जातो, मागची रोपं शोधतो. मान्यवरांचा सोहळा होता त्याची बातमी झाली, आणि कुणावर टीकाही करावी लागली नाही. माझ्या मते चांगल्या ओळीची हीच परीक्षा: वाचल्यावर माणूस फोटो दुसऱ्यांदा बघतो की नाही?

लांबी? छापील अंकात दोन ओळींत बसलं पाहिजे, वीस-पंचवीस शब्द. वेबवर जागा असते म्हणून निबंध लिहू नका.

शब्द तोलून घ्या

फोटो एकच असतो, ओळ बदलली की माणूस चोर ठरतो. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कत्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हाची गोष्ट आहे. छातीपर्यंत पाण्यातून सामान घेऊन जाणाऱ्या माणसांचे दोन फोटो एकाच वेळी इंटरनेटवर आले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या फोटोत काळा तरुण होता. ओळ म्हणत होती, किराणा दुकान 'लुटून' निघालेला. दुसऱ्या फोटोत, एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेमार्फत आलेल्या, गोरं जोडपं होतं. त्यांना ब्रेड आणि सोडा दुकानातून 'सापडला' होता. लोकांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि गदारोळ झाला.

यातली गुंतागुंत अशी की दोन्ही छायाचित्रकारांकडे आपापलं उत्तर होतं. पहिल्याचं म्हणणं, माणूस दुकानात शिरून वस्तू घेताना मी पाहिला. दुसऱ्याचं म्हणणं, वस्तू दुकानाबाहेर पाण्यावर तरंगत होत्या. दोघंही खरं बोलत असतील. पण 'लुटणे' हा निवाडा आहे, दृश्य नाही. 'दुकानातून घेतलेलं सामान घेऊन पाण्यातून जाणारा तरुण' एवढं लिहिलं असतं तर जे पाहिलं तेही आलं असतं आणि न्यायाधीश व्हायची वेळही आली नसती.

आपल्याकडे हेच शब्द वेगळ्या कपड्यांत येतात. रस्त्यावर बसलेले लोक 'आंदोलक' की 'जमाव'? बुलडोझरखाली गेलेली 'घरं' की 'अतिक्रमणं'? पोलिसांनी धरलेला 'आरोपी', 'संशयित' की थेट 'चोरटा'? यांतला शेवटचा शब्द तर निकाल लागेपर्यंत वापरायचाच नाही. बाकी शब्दांसाठी माझा नियम सोपा आहे: हा शब्द फोटोतल्या माणसाला तोंडावर वाचून दाखवता येईल का? त्याला तो आवडेल की नाही हा मुद्दा नाही; तो खोटा आहे असं त्याला पुराव्यानिशी म्हणता येऊ नये, एवढंच.

आणि भावना लादू नका. 'हताश शेतकरी' म्हणजे कधी कधी नुसताच उन्हात डोळे बारीक केलेला शेतकरी असतो. त्याला विचारा. हताश असेल तर तो स्वतःच्या शब्दांत सांगेल, आणि ते तुमच्या विशेषणापेक्षा चांगलं असेल.

हा फोटो नक्की कधीचा आणि कुठला?

मुंबईत पाऊस कोसळला की २६ जुलै २००५ नंतरच्या जवळपास प्रत्येक पुराचे फोटो 'आत्ताचे' म्हणून ग्रुपवर फिरायला लागतात. फोटो खोटे नसतात, खाली लिहिलेला दिवस खोटा असतो. २०१५ मध्ये नेपाळात भूकंप झाला तेव्हा छोट्या बहिणीला कवटाळून बसलेल्या छोट्या भावाचा फोटो जगभर गेला. लोकांनी हळहळून पैसे देण्याची आवाहनंही केली. तो फोटो व्हिएतनाममधल्या हा झांग प्रांतातला होता, २००७ चा. ना सोन गुयेन या छायाचित्रकाराने गावातून जाताना तो काढला होता. भूकंपाशी त्याचा काही संबंध नव्हता.

म्हणून दुसऱ्याकडून आलेल्या फोटोला ओळ लिहिण्याआधी तो गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटो शोधणाऱ्या साधनांवर टाकून, आधी कुठे येऊन गेलाय का ते बघा. मिनिटभराचं काम आहे. दुकानाच्या पाट्या, एसटीवरचं आगाराचं नाव, गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचा. फाइलच्या नावावर जाऊ नका: व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात जी तारीख असते ती फोटो तुमच्या फोनवर पोचल्याची, काढल्याची नव्हे. नवखे इथे हमखास फसतात. ज्याने पाठवला त्याला 'तुम्ही स्वतः काढलाय का?' असं थेट विचारा. 'नाही, आमच्या ग्रुपवर आला' असं उत्तर आलं की शोध सुरू.

चित्राखाली एकदा चुकीचं नाव चिकटलं की ते किती टिकतं, ते महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. इब्राहिम खान नावाच्या माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून प्रचारात होतं, वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या कागदपत्रांतून महाराजांचं अस्सल चित्र शोधून १९३३ मध्ये पुढे आणलं, तेव्हा कुठे ते मागे पडलं.

जुना फोटो वापरायचाच असेल तर 'संग्रहित छायाचित्र' असं स्पष्ट लिहा, जमल्यास सालासकट. 'प्रातिनिधिक छायाचित्र' हा शिक्का मात्र जपून वापरा. डॉक्टरच्या टेबलावरच्या स्टेथोस्कोपला तो चालतो. रस्त्यावरच्या खऱ्या माणसाचा ओळखू येणारा चेहरा दारूच्या, एचआयव्हीच्या किंवा खिसेकापूच्या बातमीला 'प्रातिनिधिक' म्हणून लावणं म्हणजे त्या माणसाची बदनामी करून खाली बारीक अक्षरात हात झटकणं. एआयने बनवलेलं चित्र असेल तर तसं ओळीतच लिहा, कोपऱ्यात नाही.

श्रेय

'सौजन्य : गूगल' आणि 'साभार : इंटरनेट' ही श्रेयं नाहीत. गूगलने कधी कॅमेरा हातात घेतला नव्हता.

फोटो माणूस काढतो, त्याचं नाव ओळीच्या शेवटी द्यायचं. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण ते जुने अंक आज कुणी चाळले तर फोटोखाली त्यांचं नाव सापडणार नाही.

श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. विचारून वापरा, नाहीतर विकिमीडिया कॉमन्ससारख्या, मोकळ्या परवान्याचे फोटो ठेवणाऱ्या ठिकाणाहून घ्या आणि तिथे मागितलेलं नाव आणि परवान्याचा प्रकार दोन्ही लिहा.

दृष्टिहीन वाचकासाठी वेगळी ओळ

वेबवर फोटो टाकताना 'ऑल्ट टेक्स्ट' नावाचा रकाना येतो आणि बहुतेक जण तो रिकामा सोडतात किंवा फोटोओळच तिथे चिकटवतात. तो रकाना दृष्टिहीन वाचकांसाठी आहे. त्यांच्या फोनवरचं टॉकबॅक किंवा संगणकावरचं एनव्हीडीए तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं, मराठीतही. रिकामा असेल तर 'प्रतिमा' किंवा फाइलचं निरर्थक नाव ऐकू येतं.

इथे वरचा नियम उलटा होतो. फोटोओळीत जे दिसतंय ते गाळलं होतं. इथे नेमकं तेच सांगायचं. आपल्या झाडाच्या फोटोला: 'शाळेच्या पत्र्याच्या छपरासमोर चार मुली उकिडव्या बसून रोपाभोवती माती दाबत आहेत. मागे काट्यांचं कुंपण घातलेली तीन लहान रोपं.' नावं, तारीख पुन्हा नको, ती ओळीत ऐकू येणारच आहेत. आणि कार्यक्रमाची पत्रिका किंवा परीक्षेचं वेळापत्रक फोटो म्हणून टाकत असाल तर त्यातला सगळा मजकूर अक्षरांत खाली लिहा. दृष्टिहीनांचं सोडा, लहान स्क्रीनवर चष्मा शोधणारे आजोबाही दुवा देतील.

घरचे फोटो

तुम्ही वार्ताहर नसाल तरी एक काम या आठवड्यात करा. घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोंमधली माणसं ओळखणारं शेवटचं माणूस अजून आहे तोवर त्यांच्याजवळ बसून नावं लिहून घ्या. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि शाई पुढच्या फोटोला लागते. 'आत्या, लग्नात' असं लिहू नका. कुणाची आत्या? पूर्ण नाव, गाव, साल, साल नक्की नसेल तर 'अंदाजे'.

पाठवण्याआधी

ओळ लिहून झाली की फोटो झाकून ओळ वाचा, मग ओळ झाकून फोटो बघा. फोटोतली डोकी मोजा, ओळीतली नावं मोजा. सगळ्यांची नावं दिली असतील तर आकडा जुळलाच पाहिजे. फोटो पानात बसवताना कडेने कापला जातो आणि डावीकडचा पहिला माणूस गायब होतो, नाव मात्र राहतं आणि सगळी नावं एकेका चेहऱ्याने सरकतात. म्हणून कापल्यावर पुन्हा मोजा. वारी, जत्रा, सप्ताह यांचे फोटो दरवर्षी सारखेच दिसतात. मागच्या वर्षीची ओळ उचलली असेल तर तारखेआधी पदाधिकाऱ्यांची नावं तपासा.

फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि तो कधी, कुठे काढला ही आतली माहितीही पुसली जाते. फाइलला गाव, विषय, तारीख असं नाव द्या आणि तेच नाव मजकुराच्या शेवटी 'फोटोओळ :' समोर लिहा, म्हणजे एकाच वेळी आलेल्या सहा वृक्षारोपणांतलं तुमचं कोणतं ते डेस्कला कळेल. ओळ प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर वेबवर ती गुपचूप बदलू नका. बदला आणि काय बदललं ते खाली एका वाक्यात लिहा. छापील अंकात दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायला सांगा, आणि ज्याचं नाव चुकलं त्याला अंक पडायच्या आधी तुम्हीच फोन करा.